गाडी स्टॉक ठेव, पैसे ट्रॅकवर घाल

चाळीसगावच्या एका १९ वर्षांच्या मुलानं विचारलंय: "काका, माझ्याकडे यामाहाची आर१५ व्ही३ आहे. फ्री-फ्लो सायलेन्सर बसवलाय, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रीमॅप केलाय. मूळ सायलेन्सर माळ्यावर पडलाय. कन्नडच्या घाटात गुडघा टेकवतो. वडील कपाशीच्या पैशांतून २ लाख द्यायला तयार झालेत. रोड रेसिंगच्या नॅशनल चॅम्पियनशिपला उतरायचंय. इंजिनात काय काय करून घेऊ? बहीणही गाडी चांगली चालवते, पण तिचं नंतर बघू."

भाऊ, इंजिनात काहीही करू नको. गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, ठेव. जे केलंस तेही काढ. तू चुकीच्या दारातून आत शिरतोयस आणि वडिलांचे पैसे त्याच दारात संपतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ही शर्यत नेमकी कसली, ते समजून घे. मोटोजीपीत, म्हणजे मोटारसायकलींच्या सर्वांत वरच्या जागतिक स्पर्धेत, धावणाऱ्या गाड्या फक्त शर्यतीसाठी बनतात. त्या कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाहीत. आपली राष्ट्रीय स्पर्धा त्या जातीची नाही. ती प्रॉडक्शन गाड्यांची आहे, म्हणजे तू, मी, दूधवाला, कुणीही विकत घेऊ शकतो अशा गाड्यांची. जगातही हा प्रकार जुना आहे. १९८८ साली सुपरबाइक वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली तीच या अटीवर, की गाडीचं रस्त्यावरचं मॉडेल कंपनीनं ठरावीक संख्येनं बनवून विकलेलं असलं पाहिजे. पहिला जगज्जेता फ्रेड मर्केल होंडाच्या आरसी३० वर जिंकला, आणि ती गाडी नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालवता येत होती. मॉडेलची अशी कागदोपत्री मान्यता म्हणजे होमोलोगेशन. कंपनी मॉडेलची मापं आणि पार्टची माहिती देते, फेडरेशन त्यावर शिक्का मारते, आणि तपासणीला तुझी गाडी त्या कागदाशी ताडून बघतात.

आपल्याकडे हे सगळं एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, हिच्या नियमांखाली चालतं. शर्यतींचं माहेर दक्षिणेत. पूर्वी चेन्नईजवळ शोलावरमच्या महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा पक्का ट्रॅक सुरू झाला. ३.७१७ किलोमीटर लांब, १२ वळणं. आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. दुसरा कोइमतूरजवळ चेट्टिपालयमचा कारी मोटर स्पीडवे, साधारण २.१ किलोमीटरचा. एस. करिवर्धन यांच्या नावाचा. तिसरा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटरचा, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिथे मोटोजीपी झाली ती तू पाहिली असशीलच. पण तुझ्या कामाचे पहिले दोन. खान्देशातून दोन्ही लांब आहेत, त्यावर पुढे येतो.

गेल्या काही वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेत मुख्य वर्ग असे राहिलेत: वर ३०१ ते ४०० सीसीचा प्रो-स्टॉक, त्याखाली १६५ सीसीचा प्रो-स्टॉक, नवशिक्यांसाठी १६५ सीसीचा नोव्हिस स्टॉक, आणि मुलींसाठी १६५ सीसीचाच गर्ल्स स्टॉक. तुझी गाडी १६५ मध्ये बसते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५८ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५८.७, त्यावरून आकारमान काढलं की १५५ सीसी येतात. आता तुझ्या डोक्यात आलं असेल की मर्यादा १६५ ची आहे, मग १० सीसी वाढवू. बोअर ६० केला तर हिशेब १६६ च्या जवळ जातो आणि तू वर्गाबाहेर. शिवाय आर१५ चा सिलिंडर डायासिल जातीचा, त्यात लोखंडी लायनर नसतो, त्यामुळे रीबोअर करून पिस्टन बदलायचा स्प्लेंडरचा रिवाज इथे चालत नाही. टीव्हीएसनं २०२१ च्या अखेरीस अपाचे आरटीआर १६५ आरपी नावाची गाडी काढली, फक्त २०० नग, इंजिन १६४.९ सीसी. तो आकडा बघ. मर्यादेच्या इतक्या काठावर जायचं असेल तर ते कंपनीनं जायचं असतं, होमोलोगेशनचा कागद हातात घेऊन. गल्लीतल्या लेथवर ते होत नाही.

तपासणीचं एक सूत्र पाठ करून ठेव. जे बदलायला चालेल असं नियमावलीत लिहिलेलं नाही, ते बदलायला मनाई आहे. "मना कुठे केलंय?" हा प्रश्न तिथे चालत नाही. प्रो-स्टॉकला काही गोष्टींची मुभा असते, नोव्हिस स्टॉकला ती फार कमी. नेमकं काय चालतं ते त्या वर्षीच्या नियमावलीत कलमवार दिलेलं असतं. ती छापून घे आणि गाडीशेजारी बसून एकेक कलम वाच. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नको, माझ्याही नाही.

मी सांगण्यावर गेलो होतो. माझा दुसरा मोसम होता आणि नवशिक्यांच्या शर्यतीत मी दुसरा आलो होतो. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, एका मशीन शॉपमध्ये थोडं घासून घेतलं होतं, कॉम्प्रेशन वाढावं म्हणून. "सगळेच करतात, डोळ्यांना दिसत पण नाही," असं मला सांगितलं होतं. डोळ्यांना खरंच दिसलं नाही. शर्यतीनंतर पहिल्या तीन गाड्या बाजूला घेतल्या, इंजिन उघडायला लावलं. तपासनीस वयस्कर होते, शांत. त्यांनी हेड उलटं ठेवलं, वर काचेची तबकडी बसवली आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या काचेच्या नळीतून, तेलाचे थेंब सोडत कंबशन चेंबर, म्हणजे पेट्रोल जळायची पोकळी, भरली. जितकं तेल मावायला हवं होतं त्याच्या आधीच ते काठाला लागलं. त्यांनी एकही शब्द बोलून दाखवला नाही, कागदावर आकडा लिहिला आणि माझ्याकडे सहीला सरकवला. निकालातून नाव गेलं. परत येताना नवजीवन एक्सप्रेसमध्ये सबंध रात्र मी वरच्या बर्थवर जागा होतो. जळगाव स्टेशनला वडील घ्यायला आले होते. आम्ही मूळ पारोळ्याचे, ते अहिराणीतच बोलायचे. "काय व्हयनं?" एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. शर्यत हरलो असतो तर देता आलं असतं.

म्हणून तुला पहिलं काम सांगतो ते हे, की माळ्यावरचा सायलेन्सर खाली काढ.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मला लपवाछपवी न करता बोलायचंय. तू कन्नडच्या घाटात गुडघा टेकवतोस याचा तुला अभिमान आहे. मला त्याची भीती वाटते. माझ्याच गॅरेजात शिकायला असलेला एक पोरगा त्याच घाटात वळणावर आतली बाजू कापत होता. समोरून ट्रक त्याच्या स्वतःच्या बाजूनं येत होता, ट्रकवाल्याची काही चूक नव्हती. पोरगा वाचला, पण उजवा पाय आता गुडघ्यात पूर्ण वाकत नाही. ट्रॅकवर दर वळणाला झेंडा घेऊन मार्शल असतो, बाहेर मोकळी जागा असते, अँब्युलन्स इंजिन चालू ठेवून उभी असते आणि समोरून कुणीही येत नाही. घाटात यातलं एकही नाही. आणि घाट जे शिकवतो ते ट्रॅकवर उपयोगाचंही नाही. घाटात वळणापलीकडचं दिसत नाही म्हणून शहाणा माणूस हातचं राखून चालवतो, आणि जो राखत नाही तो फक्त नशिबावर चालवतो. ट्रॅकवर तेच वळण तू दिवसात ५० वेळा घेतोस. ब्रेक कुठल्या खुणेला धरला, किती धरला, कुठे सोडला, हे दर फेरीला एक हात पुढेमागे करून बघता येतं. शिकणं त्यातून होतं. घाटातलं आज बंद कर.

१६५ च्या वर्गात वेग कुठून येतो ते सांगतो, म्हणजे इंजिनाचा मोह सुटेल. या गाड्यांची ताकद १९ पीएसच्या (मेट्रिक हॉर्सपॉवरच्या) आसपास. वळणाच्या पोटात तू ताशी ५ किलोमीटरनं हळू पडलास, तर तो वेग परत मिळवायला पुढचा सगळा सरळ पट्टा जातो, कारण खेचायला इंजिनात दमच नाही. मोठ्या गाडीवर चुकलं तर ॲक्सिलरेटर पिळून भरपाई होते, लहान गाडीवर होत नाही. म्हणून लहान गाडी उत्तम शिक्षक आहे. ब्रेक उशिरा धरणं म्हणजे वेगवान असणं, हा सगळ्या नवशिक्यांचा समज. खरं कौशल्य ब्रेक सोडण्यात आहे. सरळ असताना जोरात धरायचा, आणि गाडी जसजशी कलते तसतसा हळूहळू सोडत वळणाच्या पोटापर्यंत न्यायचा. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पुढचा टायर दाबलेला राहतो, गाडी लवकर वळते. ब्रेक झटक्यात सोडलास की फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, वर उसळतो आणि गाडी बाहेर धावते. हे हाताच्या दोन बोटांत बसायला महिने लागतात.

दुसरं स्लिपस्ट्रीम. १९ पीएसला हवाच सर्वांत मोठा शत्रू असते, म्हणून पुढच्या गाडीच्या मागे चिकटून राहिलास की फुकटचा वेग मिळतो. त्यामुळे या वर्गात शेवटच्या फेरीपर्यंत पाच-सहा जण एका झुंडीत असतात आणि झुंडीत हातभर अंतरावर शांत राहून चालवता येणं, हीच अर्धी शर्यत. घाटात एकट्यानं चालवून ते कधीच येणार नाही.

आणि तुझं वजन. गाडी साधारण १४० किलोची धर. तू ६० चा असलास तर एकूण २००, ७५ चा असलास तर २१५. हा फरक ७ टक्क्यांच्या वर जातो. तेवढी ताकद इंजिनातून काढायला लोक लाख रुपये घालतात. शेवभाजी सोड म्हणत नाही, खान्देशात राहून ते शक्यही नाही, पण रोज पळ. पाटणादेवी तुझ्या जवळ आहे; सकाळी कण्हेरगड चढ-उतर कर. मांड्या आणि पोट तयार नसेल तर दहाव्या मिनिटाला तू हँडलला लोंबकळायला लागतोस, आणि हँडलवर भार आला की गाडी तुझं ऐकत नाही.

आता पैसे. दोन लाखांचे तीन सारखे हिस्से कर. पहिला हिस्सा अंगावरच्या सामानाला. एकसंध लेदर सूट, पाठीचा प्रोटेक्टर, मनगटाच्या वर येणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट. हेल्मेट डबल डी-रिंगचं, नियमावलीत लिहिलेल्या मानांकनाचं. खटक्यानं बंद होणारं रस्त्यावरचं हेल्मेट तपासणीला चालवून घेतील असं धरून जाऊ नको. इथे जुनं-पुराणं शोधू नको; आपटलेलं हेल्मेट बाहेरून नवं दिसतं आणि आतून संपलेलं असतं. दुसरा हिस्सा शिकण्याला. चेन्नईत रेसर रजनी कृष्णन यांची आरएसीआर अकादमी आहे, अमेरिकन प्रशिक्षक कीथ कोडच्या पद्धतीचं कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल चेन्नईच्या ट्रॅकवर येत आलंय. अशा एखाद्या प्रशिक्षणाशिवाय थेट शर्यतीला जाऊ नको; लायसन्ससाठी कुठलं प्रशिक्षण ग्राह्य धरतात तेही फेडरेशनकडून आधी विचारून घे. उरलेला हिस्सा टायर, ब्रेक पॅड, प्रवेश फी आणि प्रवास. यात "इंजिन" नावाची ओळच नाही, हे वडिलांना दाखव. त्यांना बरं वाटेल.

खरं तर पहिल्या वर्षी स्वतःची गाडी न्यायचीच गरज नाही. वन-मेक, म्हणजे एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या, स्पर्धांचा रस्ता बघ. टीव्हीएसची वन-मेक चॅम्पियनशिप १९९४ पासून चालू आहे. रॉयल एनफिल्डनं २०२१ पासून कॉन्टिनेंटल जीटी कप घेतला. तिथे सगळ्यांना सारखीच गाडी असते आणि ती आयोजकांकडून मिळते. निवडीच्या फेरीला जायचं, वेळ नोंदवायची, निवडला गेलास तर उतरायचं. तिथे अपयशाचं खापर गाडीवर फोडायला जागाच उरत नाही. घड्याळ जे सांगेल ते तुझं. मी आज १९ वर्षांचा असतो तर याच वाटेनं गेलो असतो.

तरीही स्वतःची आर१५ न्यायची असेल, तर तयारी कशी ते ऐक. आरसे, इंडिकेटर, स्टँड, मागच्या माणसाचे फूटरेस्ट, नंबरप्लेटची पट्टी हे सगळं उतरतं. काच आणि प्लास्टिकचे दिवे काढायचे किंवा टेप मारून झाकायचे. ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि फिल्टरचे बोल्ट तारेनं बांधायचे, त्याला लॉकवायर म्हणतात. बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून तार अशा दिशेनं पिळायची की बोल्ट सैल व्हायला गेला तर तार त्याला आवळेल. लोकांना हे फालतू वाटतं. एका गाडीचं ऑइल ट्रॅकवर सांडलं की मागचे दहा जण पडतात, म्हणून ते आहे. त्याच कारणानं रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी भरतात. कूलंट सांडलं तर रस्ता साबण लावल्यासारखा निसरडा होतो. इंजिनाच्या ब्रीदरची, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी, नळी एका डब्यात सोडायची. ब्रेक ऑइल नवं डीओटी ४, कारण जुन्यानं ओल धरलेली असते, ते तापलं की लिव्हर स्पंजासारखा होतो, नेमका शेवटच्या दोन फेऱ्यांत.

गिअरिंग मात्र शिकून घे, कारण नियमांनी मुभा असेल तिथे सर्वांत स्वस्तात वेळ देणारी गोष्ट तीच. चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चकत्या म्हणजे स्प्रॉकेट. पुढच्याला १४ दाते, मागच्याला ४२ असतील तर गुणोत्तर ३. पुढचा एक दाता कमी करून १३ केलास तर ३.२३ होतं, तेवढाच फरक मागे तीन दाते वाढवून ४५ केलेस तर पडतो, ३.२१. म्हणजे मोठी उडी पुढच्या स्प्रॉकेटवर, बारीक सेटिंग मागच्यावर. चेन्नईला सरळ पट्टा लांब, तिथे गाडी पट्ट्याच्या शेवटी शेवटच्या गिअरमध्ये लिमिटरच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे जिथे अडवले जातात त्याच्या, जरा आधी पोचली पाहिजे. कोइमतूरचा ट्रॅक आखूड आणि वळणावळणांचा, तिथे मागचं स्प्रॉकेट मोठं लागतं. टायरमधली हवा गाडी ट्रॅकवरून आत आल्या आल्या, टायर गरम असताना मोज आणि वहीत लिही. सकाळच्या सरावाचा आणि दुपारच्या शर्यतीचा आकडा एक येत नाही. आपल्याला जळगावच्या मे महिन्याची सवय आहे, पण चेन्नईचा दमटपणा वेगळाच. पाणी पीत राहा.

वहीचं सांगितलंच आहे तर ती आजपासून घाल. दर फेरीची वेळ, हवा, दाते, आणि कुठल्या वळणाला काय वाटलं ते. माझ्या सगळ्या वह्या अजून गॅरेजात आहेत, आणि मेकॅनिक म्हणून मला जे काही येतं ते त्यांतून आलंय.

झेंडे तोंडपाठ पाहिजेत. हलवला जाणारा पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे शर्यत थांबली, हळू पिटमध्ये ये. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुझा नंबर दिसला तर तुझ्या गाडीत काहीतरी बिघडलंय, लगेच बाहेर हो, तुला कळलेलं नसलं तरी. पिवळ्याखाली ओव्हरटेक करणाऱ्याला मी माझ्या गॅरेजचं नाव कधी लावू देणार नाही, कारण त्या झेंड्याखाली कुणाचा तरी पोरगा पडलेला असतो आणि मार्शल त्याला उचलत असतो.

लायसन्स एफएमएससीआयचं काढायचं. वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, रक्तगट लागतो, १८ खालच्यांना पालकांची संमती. तू १९ चा आहेस, तरी वडिलांना एकदा ट्रॅकवर घेऊन जा. त्यांना नुसती एक शर्यत कठड्यावरून बघू दे, मग पैसे देऊ दे.

प्रवासाचं सोपं आहे. नवजीवन अहमदाबादहून नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नईला जाते. तू चाळीसगावहून जळगावला यायचं. गाडी पार्सलनं पाठवता येते. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते. गोणपाट आणि जुन्या गादीच्या कापसानं टाकी, लिव्हर आणि फोर्क नीट गुंडाळ. ब्रेकचा आणि क्लचचा लिव्हर काढून पिशवीत घेतलास तर उत्तम. दोन दिवस आधी पाठव, नाहीतर तू तिथे आणि गाडी भुसावळच्या फलाटावर, असं होतं.

जाता जाता मोठ्या वर्गाबद्दल एवढंच, की त्याची घाई करू नको. ३०१ ते ४०० मध्ये केटीएम आरसी ३९० सारख्या ३७३ सीसीच्या गाड्या असतात. ती गाडी आपल्या चाकणला बनते, आणि तिच्यावर आधारलेली आरसी ३९० आर सुपरस्पोर्ट ३०० च्या जागतिक स्पर्धेत धावली. चाकण तुझ्या घरापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे, म्हणजे हे जग तुला वाटतं तितकं परकं नाही. पण १६५ वर वळणं शिकलेला माणूसच ३९० वर टिकतो.

आणि बहिणीचं नंतर का बघायचं? त्याच सुपरस्पोर्ट ३०० स्पर्धेचं जगज्जेतेपद २०१८ साली ॲना कारास्को या मुलीनं सगळ्या पुरुषांना मागे टाकून घेतलं. आपल्याकडे ऐश्वर्या पिसेनं गर्ल्सच्या वर्गापासून वर येत २०१९ ला बाहाच्या, म्हणजे खडबडीत रानातल्या रॅलींच्या, विश्वचषकात महिला गटाचं विजेतेपद मिळवलं. तुझ्या बहिणीचं वजन तुझ्यापेक्षा कमी असणार, आणि वजनाचा हिशेब मी वर दिलाच आहे. दोघांनी एकच सूट वापरायचा विचार मात्र करू नका. सूट अंगाला घट्ट नसेल तर पडल्यावर कोपराचं कवच कोपरावर राहत नाही.

माझं गॅरेज रविवारी बंद असतं, तेव्हा या, दोघंही. बाजार समितीचं आवार मोकळं असतं, परवानगी मी काढून ठेवतो. आठचा आकडा आणि ब्रेक, एवढंच दिवसभर करायचं, ताशी ४० च्या वर नाही. येताना मूळ सायलेन्सर आणि त्याचं गॅस्केट आण. ईसीयूचं मूळ सेटिंग ज्यानं बदललं त्याच्याकडून आधी परत घालून घे.